कोब्राच्या प्रतिकृतीला टायर कोणते?

कोब्रा ही मोटार बहुतेकांनी निदान खेळण्याच्या रूपात तरी पाहिलेली असते. निळा रंग, मधोमध दोन पांढरे पट्टे, छप्पर नाही, एक्झॉस्टचे पाइप दोन्ही बाजूंनी बाहेर. कॅरोल शेल्बी या अमेरिकन शर्यतपटूने १९६२ मध्ये ब्रिटनच्या एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचे व्ही-८ इंजिन बसवून ती तयार केली. १९६७ पर्यंत अशा जेमतेम एक हजार गाड्या बनल्या. आज खऱ्या कोब्राची किंमत तुम्ही-आम्ही विचारूच नये. म्हणून लोक प्रतिकृती बनवतात. अमेरिकेत सुट्या भागांचे किट विकत मिळते आणि हौशी माणसे घरच्या गॅरेजमध्ये ते जोडतात. मिशिगनमध्ये राहणाऱ्या माझ्या मामाने तीन हिवाळे खपून अशी एक गाडी उभी केली आहे. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सगळे झाले आणि मग टायरचा प्रश्न आला. गेल्या टर्ममध्ये रविवारच्या फोनवर आमचे दुसरे काही बोलणेच झाले नाही.

साध्या गाडीला कंपनीने सांगितलेला टायर बसवला की काम संपते. प्रतिकृतीला सांगणारे कोणी नसते. शिवाय या गाडीत एबीएस नाही, घसरण रोखणारा संगणक नाही, एअरबॅगही नाही. चालकासह वजन सुमारे ११०० किलो, ताकद ३०० अश्वशक्तीच्या वर आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर फक्त ९० इंच. इतकी आखूड गाडी मागून घसरली, तर चालकाला कळेपर्यंत ती अर्धी फिरलेली असते. आधुनिक गाडीत टायरची उणीव संगणक बरीच झाकतो. इथे चालकाचा पाय आणि टायर यांच्यामध्ये कोणीच नाही. उन्हाळ्यात आजी-आजोबा मिशिगनला जाणार आहेत आणि आजोबांनी शेजारची सीट आत्तापासूनच राखून ठेवली आहे, त्यामुळे मी हा विषय जरा गंभीरपणे घेतला.

आधी टायरवरचे आकडे. २४५/४५ आर १७ म्हणजे रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ४५ टक्के, ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १७ इंची रिम. पुढे ९५ डब्ल्यू असे असेल तर एका टायरने ६९० किलोपर्यंत भार पेलावा आणि ताशी २७० किलोमीटरचा वेग सोसावा असा अर्थ. या प्रतिकृतींना पुढे २४५/४५ आणि मागे ३१५/३५ अशी जोडी पुष्कळदा बसवतात. पुढची भिंत २४५ च्या ४५ टक्के, म्हणजे ११०.२५ मिलिमीटर. मागची ३१५ च्या ३५ टक्के, तीही ११०.२५! रुंदीत ७० मिलिमीटरचा फरक असूनही चारही चाकांची उंची बरोबर सारखी. हे गणित मी प्रेपमध्ये वहीच्या मागच्या पानावर केले आणि दोनदा तपासले.

मामाला मात्र १५ इंची रिम हव्या होत्या. “अरे, दिसायला कोब्रा दिसली पाहिजे ना!” त्याचे म्हणणे खरे आहे. मूळ गाडीला १५ इंचीच रिम होत्या आणि पांढऱ्या अक्षरांचा गुबगुबीत टायर हा त्या गाडीच्या रुबाबाचा अर्धा भाग आहे. अडचण अशी की आजच्या स्पोर्ट्स गाड्या १७ इंच आणि त्याहून मोठ्या रिमवर चालतात, त्यामुळे कंपन्यांचे नवे रबर आणि नवे संशोधन त्याच मापांत येते. १५ इंचात रुंद आणि जुन्या रूपाचा म्हणून जो सहज मिळतो तो बीएफगुडरिचचा रेडियल टी/ए. त्याच्यावर ट्रेडवेअर ४०० आणि वेगाचे अक्षर एस, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. तो टायर वाईट नाही. निवांत फिरणाऱ्या जुन्या अमेरिकन गाड्यांना तो शोभतो. पण त्याचे काम वेगळे आहे.

ट्रेडवेअर हा आकडा अमेरिकेत टायरच्या बाजूवर छापलेला असतो. आकडा मोठा तर टायर सावकाश झिजतो. सहसा त्याचे रबर कडक असते आणि पकड कमी. घरच्या गाडीला ४०० उत्तमच. पण अशी हौसेची गाडी वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालते. ४०० चा टायर झिजायच्या कितीतरी आधी म्हातारा होतो. रबर वापरले नाही तरी कडक होत जाते. म्हणजे ज्या टिकाऊपणासाठी आपण पकड सोडली, तो टिकाऊपणा वापरायची वेळच येत नाही. माझ्या मते प्रतिकृतीच्या मालकाने हा एक मुद्दा समजून घेतला तरी निम्मी निवड झाली.

वय ओळखणे सोपे आहे. बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मामाला एका विक्रेत्याने ‘अगदी नवे, न वापरलेले’ म्हणून चार टायर निम्म्या किमतीत देऊ केले होते. नक्षी पूर्ण, रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. चार आकडे निघाले २२१२. मामाने नमस्कार केला आणि बाहेर पडला.

मग सगळ्यात मऊ, थेट शर्यतीचाच टायर का नको? शर्यतीचे रबर चांगले तापल्यावरच चिकटते. रस्त्यावर, तेही इतक्या हलक्या गाडीखाली, ते तेवढे तापतच नाही. शिवाय त्याची नक्षी उथळ असते, त्यामुळे पावसात पाणी बाहेर फेकायला वाट नसते. स्टडचे बूट घालून मेसच्या फरशीवर धावलेल्या कॅडेटला हे वेगळे सांगायला नको. उन्हाळी परफॉर्मन्स टायरलाही थंडी मानवत नाही. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली त्याचे रबर ताठरते, आणि मिशिगनमध्ये एप्रिलची सकाळ तेवढी थंड सहज असते. अशा सकाळी गाडी गॅरेजमध्येच बरी.

रुंदीबद्दलही एक गैरसमज आहे. मामाची गाडी ११०० किलोची, म्हणजे एका चाकावर सरासरी २७५ किलो. हवा २८ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो. तेव्हा रस्त्याला टेकणारा भाग ढोबळमानाने १३७ चौरस सेंटिमीटर, पोस्टकार्डापेक्षा थोडासाच मोठा. टायर रुंद केला आणि हवा तेवढीच ठेवली, तर हा भाग फारसा वाढत नाही. तो आडवा पसरतो आणि लांबीला कमी होतो. खरा फायदा हवा कमी करता येते तेव्हा मिळतो. हलकी गाडी आणि ६९० किलो पेलणारा टायर असल्यावर हे शक्य असते. पण भिंतीवर छापलेला जास्तीत जास्त दाबाचा आकडा पाहून तेवढी हवा भरली, तर टायर मधोमधच टेकतो आणि एवढी रुंदी फुकट जाते.

शेवटी मामाने १७ इंची रिम घेतल्या आणि त्यांवर ३०० च्या आसपास ट्रेडवेअरचे उन्हाळी टायर. पुढे-मागे एकाच जातीचे, कारण दोन वेगळ्या रबरांची पकड एकाच वेळी सुटत नाही. रिमच्या मोठ्या पोटात मोठ्या ब्रेक डिस्कही बसल्या. रुबाब थोडा कमी झाला हे मला मान्य आहे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर तो जपून चालवणार, कारण साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला थर जाईपर्यंत नवा टायरही निसरडा असतो. शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे.

हवा किती ठेवायची हे तो खडूने ठरवणार आहे. टायरवर आडवी जाड रेघ ओढायची, गाडी सरळ रस्त्यावर थोडी चालवायची आणि उतरून पाहायचे. रेघ मधेच पुसली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी. तो २४ पौंडांपासून सुरू करणार आहे. मागच्या रुंद टायरना २२ पुरतील असा माझा अंदाज आहे.