जमिनीच्या जुन्या मापांचे दशमान पद्धतीत रूपांतर : शाहूवाडी तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना : शाहूवाडी हा कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या कुशीत वसलेला डोंगराळ तालुका होय. येथील भाताची खाचरे लहान असल्याने वाटणीच्या वेळी एकेका गुंठ्याला मोल येते. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, व्यवहारात एकर-गुंठे बोलले जातात, तर मराठेशाहीतील इनामपत्रांत बिघा व चाहूर आढळतात. या मापांचा मेळ कसा घालावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एकर-गुंठा व हेक्टर-आर : ब्रिटिश काळातील मोजणीत ३३ फुटांची साखळी प्रमाण मानली गेली. एक चौरस साखळी म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा; ४० गुंठ्यांचा एक एकर. गुंठ्याचा सोळावा भाग म्हणजे आणा. १९५६ च्या वजने व मापे प्रमाण कायद्याने देशात दशमान पद्धतीचा पाया घातला. त्यानुसार १०० चौरस मीटरचा एक आर व १०० आरचा एक हेक्टर होतो. ३३ फूट म्हणजे १०.०५८४ मीटर, म्हणून एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर भरतो.

गुंठा व आर जवळपास समान असल्यामुळेच गफलत होते. ‘२ एकर २० गुंठे’ हे क्षेत्र २.२० एकर असे वाचल्यास ते ८८ गुंठे ठरते. वास्तविक ते १०० गुंठे, म्हणजे अडीच एकर आहे. एका दशांश चिन्हाने १२ गुंठे नाहीसे होतात. तसेच १०० गुंठे म्हणजे १०० आर असे धरल्यास ११७ चौरस मीटर, म्हणजे लहान घर बसेल एवढी जागा कमी पडते. योग्य नोंद १ हेक्टर १ आर १७ चौरस मीटर अशी होईल.

बिघा व चाहूर : पाच हात पाच मुठींची काठी, २० चौरस काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चाहूर, असे हे कोष्टक आहे. मात्र हात व मूठ ही शरीराधिष्ठित मापे असल्याने काठीची लांबी सर्वत्र एकसारखी नव्हती. उदाहरणादाखल काठी ९ फुटांची मानल्यास बिघा २९.७५ गुंठ्यांचा, तर साडेनऊ फुटांची मानल्यास ३३.१५ गुंठ्यांचा होतो. लांबीतील अर्ध्या फुटाचा फरक क्षेत्रफळात सुमारे साडेतीन गुंठ्यांवर जातो. चाहुरामागे हीच तफावत दहा एकरांहून अधिक होते.

निष्कर्ष : गुंठ्याचे आरमध्ये रूपांतर हे निव्वळ गणित आहे, बिघ्याचे रूपांतर हे ऐतिहासिक अनुमान आहे. म्हणून पहिल्या प्रकारात संपूर्ण क्षेत्र आधी गुंठ्यांत मांडून त्यास १०१.१७ ने गुणावे. दुसऱ्या प्रकारात मूळ माप जसेच्या तसे नोंदवून, गृहीत धरलेली काठीची लांबी सांगावी व क्षेत्राची किमान-कमाल मर्यादा द्यावी. हा भेद न पाळल्यास अभ्यासकाचे अनुमान वाटणीच्या वादात पुरावा म्हणून पुढे येण्याचा धोका संभवतो.