दूध उकळलं की अँटिबायोटिकही जातं का?

गोरेगावची आरे कॉलनी १९४९ साली उभी राहिली, ती मुंबईतले तबेले शहराबाहेर हलवायला. आता तीच शहराच्या मध्यात आहे.

म्हशीला कासदाह झाला, म्हणजे जंतूंमुळे कास सुजली, की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात. सूज उतरली की अनेकदा उपचार अर्धवटच थांबतो. चिवट जंतू उरतात, वाढतात आणि पुढच्या वेळी तेच औषध लागू पडत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस तर कासेच्या पेशींत लपून बसतो.

उकळल्यावर दुधातले हे जंतू मरतात. औषधाचा अंश मात्र पूर्ण जाईलच असं नाही. म्हणून औषधावर लिहिलेले तेवढे दिवस दूध विकायचं नसतं. पण ते ओतून द्यायचं तर नुकसान एकट्या तबेलेवाल्याचं! कोणतं औषध चालेल हे दुधाच्या लॅब तपासणीत कळतं. तोवर ट्यूब सोडून झालेली असते.