रझांची जमीन

१९४८ साली काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी सय्यद हैदर रझांची चित्रं पाहिली आणि स्पष्टच सांगितलं, की हातात कसब आहे, पण चित्रांना बांधणी नाही. चित्रकार सेझानचा अभ्यास करा. रझा तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि मुंबईत त्यांचं नाव होऊ लागलं होतं. दुसरा एखादा दुखावला असता. रझांनी ते इतकं मनावर घेतलं, की फ्रेंच शिकून १९५० मध्ये शिष्यवृत्तीवर त्यांनी पॅरिस गाठलं.

मंडला जिल्ह्यात, जंगल खात्यातल्या वडिलांच्या घरी १९२२ मध्ये जन्मलेल्या या मुलाचा हात घडला तो मात्र आपल्याकडे. आधी नागपूरच्या कलाशाळेत बापूराव आठवल्यांच्या हाताखाली, मग मुंबईत जे. जे. मध्ये. पोटासाठी एक्स्प्रेस ब्लॉक स्टुडिओत नोकरी. १९४५ च्या सुमारास त्यांनी भर पावसातलं फ्लोरा फाउंटन जलरंगात रंगवलं: ओला रस्ता, पाण्यात विरघळल्यासारख्या इमारती, माणसं म्हणजे ब्रशचे एक-दोन फटकारे. मला ही चित्रं फार आवडतात आणि पुढच्या ‘बिंदू’ चित्रांच्या गजरात ती मागे पडली याचं वाईट वाटतं. १९४७ मध्ये सूझा, आरा, हुसेन, बाकरे आणि अमरावती जिल्ह्यातले हरी अंबादास गाडे यांच्यासोबत रझा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये होते.

कार्तिए-ब्रेसाँ म्हणाले ती बांधणी म्हणजे नेमकं काय, हे पुण्याजवळच्या मांजरीतही पाहता येतं. द्राक्ष संशोधन केंद्राच्या बागांकडे तोंड करून उभे राहा. सकाळचं कोवळं ऊन, वेलींची हिरवाई, लांबवर धूसर टॉवर. जलरंगवाला ही हवा पकडतो. ऊन सरकायच्या आत त्याला काम उरकावं लागतं. सेझानच्या वाटेने जाणारा उन्हामागे धावत नाही. त्याला दिसतात वेलींच्या ओळींचे तिरके पट्टे, त्यांना आडवी छेदणारी उसाची कड, वर इमारतींचे उभे चौकोन. कुठला तुकडा कुणावर रेलतो, कुठला रंग पुढे येतो आणि कुठला मागे सरतो, यावर त्याचं चित्र तोललेलं असतं.

पॅरिसमधल्या पहिल्या वर्षांत रझांनी हेच केलं. १९५१ च्या ‘ओ द कान्य’मध्ये टेकडीवरचं गाव आहे, पण घरं कापून काढल्यासारखी कोरीव, एकमेकांना चिकटलेली, आणि सगळ्या गावात माणूस नाही. फ्लोरा फाउंटनची वर्दळ आठवली की हे रितेपण अंगावर येतं. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली होती, आई-वडील वारले होते. रझा मात्र इथलेच राहिले होते. त्या ओस गावात मला हे सगळं दिसतं. पुढे जाड तैलरंगात फ्रेंच खेडी, चर्च रंगवताना रेषा सुटत गेल्या. १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा ‘प्री द ला क्रितीक’ पुरस्कार मिळवणारे ते पहिले परदेशी चित्रकार ठरले.

खरं वळण १९६२ नंतरचं. बर्कलीला शिकवायला गेले असताना त्यांनी अमेरिकन चित्रकार रॉथकोची चित्रं पाहिली: घरं नाहीत, झाडं नाहीत, तरी नुसत्या रंगात माणूस बुडून जातो. मग रझांच्या चित्रातून गाव गेलं आणि जमीन उरली. सत्तरच्या दशकातल्या ‘ला तेर’ (म्हणजे जमीन) चित्रांत काळोखातून तांबडं, पिवळं पेटत वर येतं. ही लहानपणच्या जंगलातली रात्र आहे. तिथल्या काळोखाची धास्ती आणि उजाडल्यावरचा दिलासा याबद्दल ते पुढे आयुष्यभर बोलत राहिले.

बिंदूकडे मी याच वाटेने येतो. १९८१ च्या ‘माँ’मध्ये काळा बिंदू आहे, भोवती तापलेल्या मातीचे रंग, आणि देवनागरीत अशोक वाजपेयींच्या हिंदी कवितेची ओळ. बिंदूला फक्त तंत्र-अध्यात्माचं चिन्ह मानणाऱ्यांना ही माती दिसत नाही. बातम्यांमधून तर आकडाच तेवढा पोहोचतो: २०२३ मध्ये त्यांचं ‘जेस्टेशन’ हे चित्र लिलावात ५१.७५ कोटींना गेलं. चित्राविषयी त्यातून काहीच कळत नाही.

पॅरिस गाठल्यानंतर साठ वर्षांनी, २०१० च्या अखेरीस रझा दिल्लीला परतले आणि २३ जुलै २०१६ रोजी गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दफन मंडल्यात, वडिलांच्या शेजारी झालं. रझा पाहायचे असतील तर बिंदूपासून सुरुवात करू नका. आधी पावसातली मुंबई पाहा, मग ‘ओ द कान्य’, मग ‘ला तेर’. त्यानंतर ‘माँ’समोर थोडं जास्त थांबा.