गटाचा उमेदवार आणि गणातले जोडीदार

मतदारासमोर उमेदवार क्वचितच एकटा उभा असतो. पत्रकावर त्याच्या शेजारी कोणाचे छायाचित्र आहे, गावभेटीत त्याच्याबरोबर कोण चालते आणि सभेत त्याच्या हाताशी कोण बसते, हे पाहून मतदार त्याच्याविषयी बरेच काही मनाशी ठरवून मोकळा होतो. राज्यशास्त्रात या गोष्टीचा सर्वाधिक अभ्यास अमेरिकेत झाला आहे, कारण तेथे अध्यक्षपदाचा उमेदवार उपाध्यक्षपदासाठी स्वतःचा जोडीदार निवडतो आणि मतदाराला दोघांना मिळून एकच मत द्यावे लागते. भारतात अशी जोड-उमेदवारी नाही. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका स्वतंत्र होतात, आणि राज्यात मुख्यमंत्री व उपमुख्यमंत्री कोण हे निकालानंतर ठरते. तरीही महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात एक निवडणूक अशी आहे की जिच्यात उमेदवार उघडपणे जोडीने मते मागतात, आणि तिचा विचार जुन्नर तालुक्यातील आळेफाट्यासारख्या ठिकाणावरून केला तर अमेरिकी अभ्यासांतून निसटलेल्या काही बाबी अधिक स्पष्ट दिसतात.

ही निवडणूक म्हणजे जिल्हा परिषद आणि पंचायत समितीची. १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. आजच्या रचनेत जिल्हा परिषदेच्या एका सदस्याच्या मतदारसंघाला गट म्हणतात आणि प्रत्येक गटाचे दोन भाग पाडून जे पंचायत समितीचे मतदारसंघ केले जातात त्यांना गण म्हणतात. २०१७ च्या निवडणुकीत पुणे जिल्हा परिषदेचे ७५ गट होते आणि त्यामुळे गण १५० होते. पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे आळे आणि वडगाव आनंद या गावांच्या शिवेवर वाढलेली आळेफाट्याची बाजारपेठ त्या वेळी आळे-पिंपळवंडी गटात मोडत होती. मतदान केंद्रात मतदारासमोर दोन मतपत्रिका असतात, जिल्हा परिषदेची पांढरी आणि पंचायत समितीची गुलाबी, आणि त्याला दोन्हींवर एकेक बटण दाबायचे असते. म्हणून गटाच्या उमेदवाराला दोन गणांत दोन जोडीदार लागतात. आळे गणातला मतदार त्यांपैकी एकालाच पाहतो आणि पिंपळवंडी गणातला दुसऱ्याला, म्हणजे एकाच उमेदवाराविषयीचे मत गटाच्या दोन अर्ध्या भागांत दोन वेगळ्या सोबत्यांच्या छायेत तयार होते.

जोडीदार निवडताना पहिला विचार गावाचा होतो. गटाचा उमेदवार आळ्याचा असेल तर निदान एक गण तरी दुसऱ्या मोठ्या गावाला द्यावा लागतो, नाहीतर सगळे एकाच गावात नेले अशी बोलवा उठते आणि ती पुसता पुसता प्रचाराचे दिवस संपतात. गावानंतर भावकी, पाहुणेरावळे, समाजघटक आणि विकास सोसायटी, दूध संस्था किंवा पतसंस्थेतील पदे यांचा हिशेब मांडला जातो. पाण्याचा प्रश्न तर या भागात कधीच मागे राहत नाही. कुकडी प्रकल्पातील पिंपळगाव जोगा धरणाचा कालवा आळे, राजुरी, बेल्हे या पट्ट्यातून जातो, पण कालव्याच्या वरच्या अंगाचे गाव आणि आवर्तनाची वाट पाहणारे शेवटचे गाव यांची गाऱ्हाणी एकसारखी नसतात, आणि आणे पठारावर तर कालव्याचे पाणी चढतच नाही. कालव्याखालच्या बागायतदार उमेदवाराने कोरडवाहू गावातला जोडीदार घेतला तर मतदाराला त्यातून एक आश्वासन ऐकू येते, जे त्याने सभेत दहा वेळा बोलून दाखवले असते तरी तितके पटले नसते.

अशा समतोलाला अमेरिकेत तिकिटाचा समतोल म्हणतात, आणि तेथील त्याचे गाजलेले उदाहरण १९६० चे आहे. मॅसॅच्युसेट्सच्या जॉन केनेडी यांनी टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना सोबत घेतले आणि टेक्सस जिंकले. या एका उदाहरणावर अनेक वर्षे अशी समजूत पोसली गेली की जोडीदार आपले राज्य घेऊन येतो. परंतु २००४ मध्ये जॉन एडवर्ड्स यांना सोबत घेऊनही जॉन केरी नॉर्थ कॅरोलिना हरले आणि २०१२ मध्ये पॉल रायन यांच्या विस्कॉन्सिनने मिट रॉम्नी यांना साथ दिली नाही. क्रिस्टोफर डिव्हाइन आणि काइल कॉपको या दोन अभ्यासकांनी २०१६ आणि २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत या समजुतीची आकडेवारीनिशी छाननी केली आहे. त्यांचा निष्कर्ष असा की जोडीदार स्वतःच्या बळावर आणतो ती मते फार थोडी असतात, पण त्याच्या निवडीतून मुख्य उमेदवाराविषयी जे मत बनते ते खरे परिणाम करते. सत्ता हाती येण्यापूर्वी उमेदवाराने घेतलेला हा पहिला मोठा निर्णय लोकांना उघड दिसतो, आणि जो माणूस सोबती असा निवडतो तो पुढे कारभार कसा करील याचा अंदाज मतदार त्यावरून बांधतो.

ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की वाण नाही पण गुण लागतो, ही म्हण हेच सांगते असे वाटण्याची शक्यता आहे, परंतु संशोधनाचा रोख थोडा वेगळा आहे. म्हणीत गुण लागतो तो शेजारामुळे, आणि संशोधनात दोष लागतो तो बांधणाऱ्याला. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी टॉमस ईगल्टन यांना जोडीदार केले. ईगल्टन यांच्यावर पूर्वी नैराश्यासाठी विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते हे बाहेर येताच मॅकगव्हर्न यांनी आधी त्यांची ठामपणे पाठराखण केली आणि उमेदवारी मिळाल्यापासून १८ दिवसांच्या आत त्यांना बाजूला केले. मानसिक आजारामुळे ईगल्टन यांना जे सोसावे लागले ते आज अन्यायाचेच वाटेल, पण मतदारांनी त्या प्रकरणातून मॅकगव्हर्न यांचा उतावळेपणा आणि नंतरची माघार या दोन गोष्टी टिपल्या. जॉन मॅकेन यांनी २००८ मध्ये स्वतःच्या ७२ व्या वाढदिवशी सारा पेलिन यांचे नाव जाहीर केले, तेव्हा सभांना गर्दी वाढली आणि पक्षातले कार्यकर्ते हलले, पण पेलिन यांच्या तयारीविषयी ज्यांना शंका वाटली त्यांनी ती मॅकेन यांच्या निवडीच्या खात्यात जमा केली.

आळेफाट्याच्या मतदाराचे वेगळेपण येथे सुरू होते. अमेरिकेतल्या मतदाराला नावडता जोडीदार मुख्य उमेदवाराबरोबर पत्करावा लागतो, किंवा दोघांनाही सोडावे लागते. येथे त्याच्यापुढे दोन बटणे असतात आणि तो जोडी फोडू शकतो. वर एक चिन्ह आणि खाली दुसरे, या मतदानाला कार्यकर्ते क्रॉस व्होटिंग म्हणतात आणि प्रचाराच्या शेवटच्या दोन रात्री त्यांना जर कशाची धास्ती असते तर ती याचीच. ही धास्ती केवळ विरोधकांची नसते. गणातला जोडीदार आपल्या गावात ‘खालचे मत मला द्या, वरचे तुमचे तुम्ही बघा’ असे हळूच सांगत नाही ना, याची खबर गटाचा उमेदवार ठेवून असतो, आणि गणाचा उमेदवारही त्याच्यावर तशीच नजर ठेवतो. मतमोजणीत एकाच केंद्रावरची गटाची आणि गणाची मते शेजारी शेजारी मांडता येतात. तेथे गणाच्या उमेदवाराला साडेचारशे आणि गटाच्या उमेदवाराला तीनशे पडली असे दिसले, तर निदान दीडशे लोकांनी जोडीदार स्वीकारून मुख्य माणूस नाकारला हे कार्यकर्त्याला कोणत्याही सर्वेक्षणाशिवाय कळते. अमेरिकी अभ्यासकांना जे मुलाखती घेऊन आणि प्रश्नावल्या भरून शोधावे लागते, ते येथे मोजणीच्या टेबलावर वहीत उतरवले जाते, ही बाब राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही.

अर्थात येथील उमेदवार जोडीदार नेहमी स्वतः निवडतो असे नाही. पक्षाच्या तिकिटावर लढायचे तर पक्षाने दिलेला एबी फॉर्म लागतो, आणि कोणत्या गणात तो कोणाला द्यायचा हे आमदार, माजी आमदार आणि तालुक्यातले नेते मिळून ठरवतात. म्हणूनच मतदार या जोडीकडे पाहताना आणखी एक प्रश्न विचारतो, जो अमेरिकेत फारसा उद्भवत नाही: हा जोडीदार याने घेतला की याच्या माथी मारला गेला? स्वतःच्या पसंतीचा माणूस मिळवणारा उमेदवार वजनदार ठरतो, तर कालपर्यंत ज्याच्याशी वैर होते त्याच्या खांद्याला खांदा लावून फिरणाऱ्याला आपल्याच माणसांना समजावत बसावे लागते.

या शेवटच्या अडचणीचे मोठ्या पातळीवरचे उदाहरण शिरूर लोकसभा मतदारसंघाने २०२४ मध्ये पाहिले. शिवसेनेतून २००४, २००९ आणि २०१४ असे तीनदा खासदार झालेले शिवाजीराव आढळराव पाटील यांनी मार्च २०२४ मध्ये अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये प्रवेश केला आणि घड्याळ चिन्हावर निवडणूक लढवली. त्यामुळे १९९० पासून आंबेगावचे आमदार असलेले दिलीप वळसे पाटील, ज्यांच्या पक्षाशी आढळरावांची वर्षानुवर्षे झुंज चालली होती, ते एकाएकी त्यांचे सोबती झाले. २०१४ मध्ये तर याच आढळरावांविरुद्ध राष्ट्रवादीने देवदत्त निकम यांना उभे केले होते. नेत्यांचे मनोमीलन व्यासपीठावर एका दिवसात होते, पण गावातल्या दोन गटांनी एकमेकांविरुद्ध ज्या निवडणुका काढलेल्या असतात त्या लगेच विसरल्या जात नाहीत. आढळरावांचे प्रतिस्पर्धी, नारायणगावचे अमोल कोल्हे, सुमारे १ लाख ४० हजार मतांनी निवडून आले. हा पराभव केवळ बदललेल्या सोबतीमुळे झाला असे म्हणणे मात्र धाडसाचे ठरेल, कारण ८ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेली कांदा निर्यातबंदी मतदानाच्या जेमतेम ९ दिवस आधी, ४ मे रोजी, उठली होती आणि आळेफाट्याच्या कांदा बाजारात त्या हंगामात शेतकरी काय बोलत होते ते कोणापासून लपलेले नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला निकम हे वळसे पाटील यांच्याच विरोधात उभे राहिले आणि निकाल अवघ्या १,५२३ मतांनी लागला. इतक्या अरुंद अंतराच्या लढतीत कोण कोणाची साथ सोडून गेला हा तपशील गौण राहत नाही.

आंबेगावशेजारच्या जुन्नर मतदारसंघातील मतदार चिन्हापेक्षा माणूस पाहतो, असा त्याचा लौकिक आहे. शरद सोनवणे २०१४ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे राज्यातील एकमेव आमदार म्हणून येथून निवडून आले आणि २०२४ मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा जिंकले. जेथे चिन्हाचा आधार एवढा तोकडा पडतो, तेथे उमेदवाराची ओळख पटवण्याचे काम त्याच्या सोबतीवर अधिक पडते.

महिलांच्या आरक्षणाने या जोडीत आणखी एक गुंता आणला आहे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि आरक्षण फिरते असल्याने गट महिलेसाठी व एक गण सर्वसाधारण, किंवा याच्या उलट, अशी स्थिती वारंवार येते. गटाची उमेदवार घरातून प्रथमच बाहेर पडलेली आणि गणाचा उमेदवार जुना मुरलेला कार्यकर्ता असेल, तर प्रचारात तोच बोलतो, पत्रकावर तिच्या पतीचे छायाचित्र तिच्याहून मोठे छापले जाते, आणि मुख्य उमेदवार कोण याविषयी मतदाराचा समज उलटा होतो. याउलट शिक्षिका, बचतगटाची अध्यक्षा किंवा माजी सरपंच म्हणून जिने नाव कमावले आहे अशी स्त्री गणात असेल, तर गटाच्या पुरुष उमेदवाराला घरोघरच्या स्वयंपाकघरापर्यंत प्रवेश मिळतो; एरवी त्याला ओट्यावरच थांबावे लागते. हा लाभ उघडपणे मान्य करण्याची पद्धत अजून रूढ झालेली नाही, हे येथील राजकारणाचे कोतेपण म्हटले पाहिजे.

ग्रामपंचायतीत पक्षचिन्हे नसतात आणि गावच्या दैवताच्या नावाने पॅनेल उभी राहतात. २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवडणूक सुरू झाली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडणुकीत सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या पॅनेलचे, असे निकाल अनेक गावांत लागले, म्हणजे जोडी फोडण्याचे तंत्र मतदार तेथेही सफाईने वापरतो.

गणातला जोडीदार किती बळकट असावा, हा प्रश्न मात्र मतदारापेक्षा उमेदवाराला अधिक छळतो. पंचायत समितीचा सभापती गणांतून निवडून आलेल्या सदस्यांतून होतो, त्याची मुदत अडीच वर्षांची असते आणि त्या पदाचे आरक्षणही सोडतीने ठरते. त्यामुळे सभापतिपदाला पात्र ठरणारा जोडीदार गणात असेल तर ‘आपल्या गणाला सभापतिपद’ ही घोषणा गटाच्या उमेदवारालाही मते मिळवून देते. पण सभापती झालेला तोच माणूस पुढच्या वेळी गटावर हक्क सांगतो. हे टाळण्यासाठी डोईजड होणार नाही असा सौम्य जोडीदार निवडला, तर मतदार तेही ओळखतो आणि निवडणाऱ्याला भित्रा ठरवतो. त्यातच पुढच्या निवडणुकीत आरक्षण फिरून गटाच्या विद्यमान सदस्याला तो गट लढवताच येऊ नये आणि गणातला जोडीदार मात्र पात्र ठरावा, ही शक्यता नेहमी खुली असते. म्हणून आळेफाट्याच्या चहाच्या टपरीवर एखाद्या गणातले तिकीट कोणाला मिळाले याची चर्चा चालते तेव्हा बोलणारे बहुधा त्याच्या पुढच्या निवडणुकीतल्या गटाच्या उमेदवाराविषयी बोलत असतात.