पुढचे सहा

सकाळी ९.३०

मी पोचते तेव्हा ऑटोक्लेव्ह लागलेला असतो. आतलं तापमान १२१ अंशांवर गेल्याशिवाय त्याचं घड्याळ सुरू होत नाही, म्हणून आमच्या असिस्टंट ताई माझ्या आधी येतात. आल्या आल्या त्या कंपोझिटच्या, म्हणजे दात भरायच्या दाताच्याच रंगाच्या रेझिनच्या, सिरिंज फ्रिजमधून काढून ठेवतात. थंड कंपोझिट घट्ट असतं, दातावर नीट बसत नाही.

माझं पहिलं काम लाइट तपासण्याचं. पेशंट ज्याला ‘निळी बॅटरी’ म्हणतात, त्या लाइटवर बाँडिंगचं, म्हणजे कंपोझिट दाताला चिकटवण्याचं, सगळं गणित उभं आहे. कंपोझिटमध्ये कॅम्फरक्विनोन नावाचा पिवळा पदार्थ अगदी थोडा असतो. ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश त्याने शोषला की मऊ लगदा काही सेकंदांत कडक होतो. लाइट अशक्त झाला असेल तरी कंपोझिट वरून कडकच लागतं, आत मात्र कच्चं राहतं. ते त्या दिवशी पेशंटलाही कळत नाही आणि डॉक्टरलाही. म्हणून टोक मीटरवर ठेवून आकडा बघायचा आणि मगच पहिल्या पेशंटला आत घ्यायचं.

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या नेरूळच्या या गाळ्यात दाढांपेक्षा पुढच्या दातांची गर्दी होते. वरचे पुढचे सहा, एका सुळ्यापासून दुसऱ्या सुळ्यापर्यंत. चावण्याचं मोठं काम दाढा करतात, पण लग्नाच्या फोटोत दाढा येत नाहीत.

सकाळी १०.००

कोपरखैरण्याचा एक तरुण. रविवारी टर्फवर क्रिकेट खेळताना चेंडू तोंडावर आला आणि समोरच्या दाताचा कोपरा गेला. नस उघडी पडलेली नाही, दात हलत नाही, एक्स-रे स्वच्छ आहे. याला कॅपची गरज नाही. कॅप बसवायची तर उरलेला चांगला दात चारही बाजूंनी घासावा लागेल. कोपरा गेलाय, कोपराच परत करायचा.

काहीही करण्याआधी शेड. दात कोरडा पडला की पांढरा दिसायला लागतो आणि पुन्हा ओला व्हायला बराच वेळ घेतो. त्यामुळे रंग आधी ठरवायचा, तोही खिडकीशी नेऊन, दिवसाच्या उजेडात. शेड गाइडवर सोळा नमुने असतात. ए म्हणजे तांबूस-तपकिरी झाक, बी तांबूस-पिवळी, सी करडी, डी तांबूस-करडी.

“ए-टू,” मी म्हणते.

तो आरशात बघतो. “मॅडम, एवढा पिवळा? बी-वन लावा ना.”

“बी-वन लावला तर लोक तुझ्याशी बोलताना त्या एकाच दाताकडे बघतील.”

सगळे पांढरं मागतात. माझं निम्मं काम नेमका पिवळा शोधण्याचं असतं, कारण दाताचा रंग मुख्यतः आतल्या डेंटिनमधून येतो आणि डेंटिन पिवळसरच असतं.

इंजेक्शन लागत नाही. तुटलेल्या कडेला जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर उतार देते, म्हणजे जोडाची रेघ दिसणार नाही. मग दाताभोवती रबर डॅमचा पडदा, कारण लाळेचा एक थेंब सगळ्यावर पाणी फिरवतो. मग ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची निळी जेल. पंधरा-वीस सेकंद, धुवायचं, वाळवायचं. चकचकीत एनॅमल आता दुधी आणि निस्तेज दिसतं. तसं दिसलं नाही तर पुढे जायचं नाही. ॲसिडने एनॅमलमध्ये सूक्ष्म खाचा पाडलेल्या असतात. बाँडिंगचा पातळ द्रव त्यांत शिरून लाइटने कडक झाला की तिथेच अडकून बसतो. कंपोझिट टिकतं ते या पकडीवर.

ही कल्पना दंतवैद्यकाने रंगकामाकडून घेतली आहे. धातूवर रंग आणि रेझिन नीट चिकटावं म्हणून कारखान्यात पृष्ठभागाला फॉस्फोरिक ॲसिड लावत. अमेरिकेत रॉचेस्टरला मायकेल ब्यूनोकोर यांनी तेच दाताच्या एनॅमलवर करून पाहिलं आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांचं ॲसिड ८५ टक्क्यांचं होतं. पुढे राफाएल बोवेन यांनी बिस-जीएमए हे रेझिन तयार केलं, १९६२ मध्ये त्याचं पेटंट निघालं, आणि आजच्या बहुतेक कंपोझिटची वंशावळ तिथवर जाते. त्याआधी तुटलेल्या कोपऱ्याला काही धरून ठेवायचं तर दात कोरून त्यात खाच करावी लागे. आता चिकटवण्यासाठी कोरावं लागत नाही. या शोधाचं खरं मोल मला यातच दिसतं.

आता थर. आधी मागच्या बाजूला पातळ पडदी, त्यावर डेंटिनच्या शेडचा अपारदर्शक थर. हा थर गाळला तर नवा कोपरा करडा दिसतो, कारण त्याच्या मागे तोंडातला अंधार असतो. वर एनॅमलच्या शेडचा अर्धपारदर्शक थर. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड नाही, दर थराला वीस सेकंद लाइट. ताई नारिंगी पट्टी डोळ्यांसमोर धरतात. शेवटच्या लाइटआधी ग्लिसरीन लावायचं, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा थर चिकट राहतो.

भरायला जेवढा वेळ लागतो, जवळजवळ तेवढाच घासायला. शेजारच्या दाताच्या उभ्या कडा कुठे आहेत, उजेड कुठून परावर्तित होतो, हे जुळलं की थोडी चुकलेली शेडही खपून जाते. आकार चुकला तर अचूक शेडही वाचवत नाही. निळा कागद चावायला देऊन खालचा दात कुठे आपटतो ते बघते, मग जाड्यापासून बारीकपर्यंत डिस्क फिरवून पॉलिश.

“दोन दिवस चहा-कॉफी, हळदीचं कमी. आणि वेफर्सची पाकिटं हाताने फाडायची.”

सकाळी ११.४५

नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आई, सीवूड्सहून. वरच्या दोन दातांत फट आहे. “शाळेत चिडवतात हो. ते लाइटवालं सिमेंट भरून बंद करा ना.”

मी एक्स-रे काढते आणि आईला दाखवते. वर, हाडात, सुळे अजून उतरायचे आहेत. ते पुढच्या दातांच्या मुळांना आतून रेटतात, म्हणून दात पंख्यासारखे फाकतात. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की फट बहुतेक मुलांत आपोआप मिटते. आमच्या पुस्तकांत या वयाला ‘कुरूप बदकाची अवस्था’ असंच नाव आहे. आज फट भरली तर उद्या दातांना सरकायला जागा राहणार नाही.

“म्हणजे काहीच नाही करायचं?”

“वर्षाने दाखवायला आणा. सुळे आल्यावरही फट राहिली, तर ओठाची दोरी आणि ब्रेसेस यांचा विचार करू.”

आई थोडी नाराज होते. काही न केल्याचे पैसे मागताना मलाही अवघडायला होतं. पण एक्स-रे बघणं आणि हात आवरणं हेही कामच आहे.

दुपारी १२.३०

माथाडी वसाहतीतल्या एक मावशी. मूळच्या पाटण तालुक्यातल्या, मालक मार्केटात ओझी वाहून आता निवृत्त. गार पाणी लागतं म्हणून सुनेने आणलं आहे. सुळ्यांच्या आणि त्यामागच्या दातांच्या गळ्याशी, हिरडीला लागून, खोल खाचा आहेत. वर्षानुवर्षं मिसरी, शिवाय आडवा, जोर लावून ब्रश.

“मावशी, मिसरी किती वेळा?”

“सकाळी येकदा, दुपारी येकदा. त्याबिगर पोट साफ व्हत न्हाई बगा.”

मिसरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. त्यामुळे खाचा बघण्याआधी गाल, जीभ, जिभेखालची जागा, हिरडीची घडी बघते. न पुसला जाणारा पांढरा चट्टा आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. आज काही दिसत नाही. सुनेला सांगते, दर सहा महिन्यांनी हे बघायलाच आणा, दात दुखो वा न दुखो.

इथे कंपोझिट वापरत नाही. खाचेत एनॅमल जवळजवळ उरलेलं नाही, उघडं आहे ते डेंटिन. त्यात सूक्ष्म नळ्या आणि ओल असते, त्यामुळे एनॅमलसारखी भरवशाची पकड मिळत नाही. हिरडीतूनही ओल येतच राहते. अशा जागी ग्लास आयोनोमर बरं. ते दाताला रासायनिक बंधाने चिकटतं आणि थोडं फ्लोराइडही सोडतं. दिसायला जरा मठ्ठ असतं, पण मावशींना फोटो काढायचा नाही, गार पाणी प्यायचं आहे. पेशंट काय मागतोय ते आधी नीट ऐकलं की कोणतं सामान उघडायचं ते बहुतेक वेळा ठरून जातं.

दुपारी २.००

डबा, मटेरियलवाल्या डीलरचा फोन, सकाळच्या फोटोंची नोंद. मग थोडी झोप, जिच्यावर घरी कोणाचा विश्वास बसत नाही.

नेरूळमध्ये दोन, शिवाय बेलापूर, खारघर आणि कामोठ्याला एकेक, अशी दंत महाविद्यालयं या पट्ट्यात आहेत. त्यामुळे गल्लीगल्लीत डेंटिस्ट आहे आणि पेशंट तीन ठिकाणचे भाव घेऊनच येतो. सिरॅमिक व्हीनियरच्या, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ कवचाच्या, मानाने बाँडिंग बरंच स्वस्त. आयुष्यही कमी, साधारण पाच ते सात वर्षं. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगायच्या असतात.

संध्याकाळी ५.३०

ऐरोलीच्या आयटी पार्कमधला मुलगा, यवतमाळ जिल्ह्यातला. वरच्या दातांवर आडवे तपकिरी पट्टे आणि खडूसारखे पांढरे डाग. तो बसता बसताच सांगतो, “मॅडम, मी गुटखा खात नाही.” हॉस्टेलवर, ऑफिसात, मुलगी बघायला गेल्यावर, सगळीकडे हेच विचारलं गेलेलं असतं.

हा फ्लोरोसिस. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात, खडकांतून उतरलेलं फ्लोराइड त्याहून जास्त असतं. हिरडीच्या आत एनॅमल घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, ते पोटात गेलं की डाग दाताबरोबरच जन्माला येतो. नवी मुंबईत वाढलेली मुलं मोरबे धरणाचं पाणी पितात, त्यांच्यात हे क्वचित दिसतं. त्याच्या दातांवर त्याच्या गावची बोअर लिहिलेली आहे, त्याची सवय नाही. हे त्याला दोनदा सांगते.

सगळ्या दातांवर कंपोझिट चढवण्याची घाई नाही. आधी मायक्रोअब्रेजन, म्हणजे ॲसिड आणि बारीक कणांच्या लेपाने वरचा अगदी पातळ थर घासणं. मग ब्लीचिंग. त्यानंतर दोन आठवडे थांबायचं, कारण ब्लीचचा ऑक्सिजन दातात उरला असेल तर बाँडिंग नीट पकडत नाही. एवढं करून जे डाग उरतील तेवढेच झाकायचे. तिथेही ॲसिड नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवावं लागतं, कारण फ्लोरोसिसचं एनॅमल ॲसिडला सहजी दाद देत नाही.

संध्याकाळी ७.००

पुढच्या महिन्यात लग्न असलेली मुलगी, सोबत आई. मोबाइलमध्ये एका अभिनेत्रीचं हसू. “दहा व्हीनियर्स, सगळ्यात पांढरी शेड.”

तिचे दात निरोगी आहेत. समोरच्या दोघांशेजारचे दोन दात जन्मतःच बारीक, टोकदार आणि त्यांच्या बाजूला किंचित फटी. बाकी काही नाही. सिरॅमिक व्हीनियरसाठी सहसा दात थोडा घासावा लागतो, अनेकदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण एनॅमल घडवणाऱ्या पेशी दात तोंडात येतानाच संपतात. हाड भरून येतं, कातडी भरून येते, एनॅमल येत नाही. पंचविसाव्या वर्षी दहा चांगले दात घासले, तर ती व्हीनियर्स तिला आयुष्यभर बदलत राहावी लागतील.

हे सगळं बोलून पटत नाही, दाखवावं लागतं. ॲसिड नाही, बाँडिंग नाही. नुसतं कंपोझिट त्या दोन दातांवर रचते, आकार देते, लाइट मारते. “आता बघ.”

ती आरशात बघते, सेल्फी काढते, आईला विचारते, आई होणाऱ्या जावयाला फोटो पाठवते. मग मी ते दोन तुकडे अवजाराच्या टोकाने टचकन काढून ट्रेमध्ये ठेवते. दात जसेच्या तसे.

“एवढंच?” आई विचारते.

“एवढंच. ब्लीचिंग आजच सुरू करू, दोन आठवडे थांबू आणि मग हे दोन दात पक्के करू.”

दहाचे दोन झाले, बिलही त्याच प्रमाणात उतरलं.

रात्री ८.३०

बेलापूरचे एक अकाउंटंट. जुनं बाँडिंग पुन्हा तुटलं आहे आणि कडेला चहाची तपकिरी रेघ आली आहे. कंपोझिटला दोष देण्याआधी खालचे दात बघते. टोकं सपाट झिजलेली आहेत. रात्री दात खातात, त्यांना माहीत नाही, बायकोला माहीत आहे. त्यांना नाइट गार्ड द्यावं लागेल, नाहीतर पुढचं बाँडिंगही तसंच जाईल. जुनं सगळं उकरत नाही. तुटलेला भाग खरबरीत करून, बाँडिंग लावून वर नवा थर चढवते, रेघ पॉलिशमध्ये जाते. सिरॅमिकला तडा गेला तर बहुतेकदा नवं करावं लागतं, कंपोझिटला मात्र असं ठिगळ लावता येतं.

रात्री ९.३०

ताई कचरा वेगळा करतात. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सक्शनच्या नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या डब्यात. मी कार्डं भरते: दात क्रमांक, शेड, कंपोझिटचं नाव, तारीख. एक ओळ मी हमखास लिहिते, खाली मूळ दात किती शिल्लक आहे त्याची. पाच-सात वर्षांनी हे दुरुस्तीला येईल तेव्हा पेशंट पुण्यात असेल किंवा दुबईत, आणि समोर दुसरा डॉक्टर असेल. आपलं कंपोझिट कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो हे त्याला कळलं नाही, तर तो ड्रिल उचलेल आणि चांगला दातही त्यात जाईल.

सकाळच्या क्रिकेटवाल्याच्या कार्डावर लिहिते: कोपरा कंपोझिट ए-टू, बाकी दात पूर्ण. उद्या दहा वाजता एका दाढेची रूट कॅनाल आहे. तिथे ड्रिल लागणारच.