करडईचं तेल : जेवणात उत्तम, कॅप्सूलमध्ये निरर्थक

साताऱ्याच्या माण-खटाव-फलटण पट्ट्यात आणि सांगलीच्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात शाळूच्या जोडीला करडई पेरायची रीत जुनी आहे. ज्वारीत मधूनमधून पाटे टाकायचे, बांधाच्या कडेला चार ओळी करडईच्या धरायच्या. काट्यांमुळे जनावर रानात शिरत नाही. कोवळ्या पानांची भाजी होते, बियांचं तेल निघतं, पेंड गोठ्यात जाते. या तेलाविषयी इथल्या घरांत आदर आहे आणि तो रास्तच आहे. पण त्याच आदरावर आता कॅप्सूल विकल्या जातात. वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल, हृदयाच्या नळ्या मोकळ्या होतील, असं सांगितलं जातं. शेतातल्या करडईचं मोल मला ठाऊक आहे, म्हणूनच या दाव्यांचा राग येतो.

वजनापासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जुनी फसवणूक तिथलीच आहे. 1961 साली अमेरिकेत हर्मन टॉलर नावाच्या डॉक्टरचं एक पुस्तक तडाखेबंद खपलं. उष्मांक मोजायची गरज नाही, करडईच्या तेलाच्या कॅप्सूल घ्या आणि बारीक व्हा, असा त्याचा सूर होता. पुढच्याच वर्षी तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्या कॅप्सूल जप्त केल्या आणि 1967 मध्ये टॉलर फसवणुकीच्या आरोपांत दोषी ठरला. साठ वर्षं उलटली तरी दावा तोच आहे, फक्त डबी बदलली आहे. कोणतंही तेल घ्या, एका ग्रॅममागे नऊ उष्मांक मिळतातच. करडईला त्यातून सूट नाही.

हल्ली या दाव्याला ‘सीएलए’ या अक्षरांची जोड मिळाली आहे. करडईच्या तेलातल्या लिनोलेइक आम्लावर कारखान्यात प्रक्रिया करून हा वेगळा पदार्थ तयार करतात. घाण्यावरच्या तेलात तो जवळजवळ नसतो. त्याच्या चाचण्या एकत्र मांडल्या तेव्हा दिवसाला सुमारे तीन ग्रॅम घेऊन आठवड्याला सरासरी नव्वद ग्रॅम चरबी घटल्याचं दिसलं. एवढ्यासाठी महिन्याचा खर्च करायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचा 2009 चा एक अभ्यासही जाहिरातींत वारंवार येतो. मधुमेह आणि लठ्ठपणा असलेल्या, पाळी गेलेल्या स्त्रियांना त्यात रोज आठ ग्रॅम साधं करडई तेल दिलं होतं. पोटावरची चरबी थोडी कमी झाली, एकूण वजनात मात्र फरक पडला नाही. अभ्यास पूर्ण करणाऱ्या स्त्रिया होत्या फक्त 35. आणि आठ ग्रॅम तेल म्हणजे चहाचे दोन चमचेही भरत नाहीत. घरात आधीच करडईचं तेल येत असेल तर तेवढं फोडणीतून पोटात जातं. एक ग्रॅमची कॅप्सूल म्हणजे जेमतेम पाव चमचा.

आता हृदय. इथे अर्धं खरं आहे. करडईच्या नेहमीच्या तेलात सत्तर टक्क्यांहून अधिक लिनोलेइक आम्ल असतं आणि संपृक्त स्निग्धांश दहा टक्क्यांच्या आतबाहेर. वनस्पती तूप, पामतेल किंवा लोण्याच्या जागी असं तेल वापरलं तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. यातला कळीचा शब्द ‘जागी’. तळण तेवढंच, तूप तेवढंच आणि वर दोन कॅप्सूल, असं केलं तर नुसती भर पडते. पिशवीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ हेही मनावर घेऊ नका. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच म्हटलं तरी चालेल, मग ते शेंगदाण्याचं असो की सरकीचं.

जास्त करडई म्हणजे जास्त फायदा, असं मानणाऱ्यांना सिडनीचा अभ्यास सांगायला हवा. ऑस्ट्रेलियात 1966 ते 1973 या काळात हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 458 पुरुषांवर तो झाला. एका गटाने संपृक्त चरबी काढून तिच्या जागी भरपूर करडई तेल आणि त्याचंच मार्गरिन घेतलं. कोलेस्टेरॉल उतरलं. पण 2013 मध्ये जुनी माहिती शोधून पुन्हा मांडली तेव्हा त्या गटात 17.6 टक्के आणि दुसऱ्या गटात 11.8 टक्के मृत्यू झाल्याचं दिसलं. मार्गरिनमधल्या ट्रान्स चरबीचा त्यात हात असू शकतो, असं अनेक तज्ज्ञ म्हणतात आणि त्या आक्षेपात तथ्य आहे. एवढ्यावरून करडई घातक ठरत नाही. कोलेस्टेरॉलचा आकडा खाली आला म्हणजे जीव वाचलाच, असं मात्र म्हणता येत नाही.

मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीत आणखी एक गफलत असते. करडईची तेलं दोन प्रकारची असतात. परदेशात ओलेइक आम्लाचं प्रमाण मुद्दाम वाढवलेल्या वाणांचं तेल बरंच वापरतात. 2018 मध्ये अमेरिकी प्रशासनाने ज्या तेलांना हृदयाबाबत मर्यादित दावा करायची मुभा दिली, ती निदान सत्तर टक्के ओलेइक असलेली. आपल्याकडच्या पारंपरिक करडईचा तो प्रकार नव्हे.

ओमेगा-3 साठी करडईच्या कॅप्सूल घेणारेही भेटतात. करडईत ते जवळजवळ नाहीच, ते आहे जवसात. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. तरीही तिथेसुद्धा कॅप्सूलची गरज पडत नाही. सात ग्रॅम कुटलेल्या जवसात सुमारे दीड ग्रॅम ओमेगा-3 मिळतं. हे साधारण एका मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेएवढं आहे. भाकरीबरोबरची चमचा-दीड चमचा जवसाची चटणी तेवढं भागवते. पाचशे मिलिग्रॅमच्या जवस तेलाच्या कॅप्सूलमधून तेवढं मिळवायला पाच-सहा गिळाव्या लागतील. माशांच्या तेलातलं ओमेगा-3 मात्र निराळं आहे. जवसातल्याचं त्यात रूपांतर शरीरात फार थोडं होतं.

घाण्याच्या तेलाविषयी थोडं सावधपणे बोलायला हवं. ताजं, गाळून घेतलेलं तेल चवीला छान लागतं आणि त्यात ई जीवनसत्त्वही चांगलं असतं. पण न शुद्ध केलेलं करडई तेल फार तापवलं की लवकर धुरावतं. फोडणी, चटणी, कोशिंबिरीसाठी ते योग्य आहे, भज्यांच्या कढईसाठी नाही. करडईच्या बाटलीच्या तोंडाशी बोट फिरवून पाहा. सांडलेल्या थेंबांचा चिकट, पिवळसर थर तिथे धरलेला असतो. हवेशी संयोग होऊन तेल असं घट्ट होतं आणि याच गुणामुळे ते रंगरोगणातही वापरलं जातं. म्हणून वर्षाचं तेल एकदम भरू नये. महिन्या-दीड महिन्यापुरतं आणून गडद बाटलीत, शेगडीपासून लांब ठेवावं. खवट वास आला तर ते तेल जेवणात वापरू नये.

‘आयुर्वेदात सांगितलंय’ हे वाक्य ऐकलं की लोक पुढचं विचारत नाहीत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अहितकर पदार्थांची यादी आहे आणि वनस्पतींच्या तेलांपैकी त्यात नेमकं कुसुंभाचं, म्हणजे करडईचं तेल घातलेलं आहे. चरकांचा निकष आजचा नव्हता आणि त्यावरून तेल टाकून द्यावं असं मी म्हणत नाही. पण जाहिरातीत चरकांचं नाव घेऊ नये. करडईच्या पाकळ्यांच्या चहाची गोष्टही वेगळी आहे. चिनी औषधपद्धतीत पाकळ्या रक्ताभिसरणासाठी देतात आणि गरोदरपणी टाळायला सांगतात. पाकळ्यांचे गुण तेलाला चिकटवता येत नाहीत.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने या पिकावर खरं काम केलं आहे. बी. व्ही. निंबकरांनी 1968 मध्ये ती सुरू केली. बिनकाट्याचे आणि अधिक तेलाचे वाण तिथे तयार झाले. काढणीच्या वेळी हाताला फडकी गुंडाळून, पहाटेच्या दवात काटे नरम असेपर्यंत काम उरकावं लागतं, हे ज्यांनी केलं आहे त्यांना बिनकाट्याच्या वाणाचं महत्त्व वेगळं सांगायला नको. करडईचा पैसा या रानात आणि घाण्यावर जावा, कॅप्सूलच्या डबीवर नाही.

दुकानात तेल घेताना पिशवीची मागची बाजू वाचा. नाव करडईचं वाटलं तरी आत मिश्रण असू शकतं आणि मिश्रणाचं प्रमाण छापणं कायद्याने बंधनकारक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या आहारात दोन हजार उष्मांकांमागे दिवसाचं तेल-तूप मिळून 27 ग्रॅम धरलं आहे. करडई, शेंगदाणा, थोडं तूप, सगळं त्यातच बसवायचं. कॅप्सूलच्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची इंग्रजी ओळ असते, ती विकणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे.

साखरेची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कुणाच्याही सांगण्यावरून ती थांबवू नका आणि कॅप्सूल घेतच असाल तर पुढच्या तपासणीला ती डबी डॉक्टरांना दाखवा.