एव्हीसीएचडी

एव्हीसीएचडी हे घरगुती व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी सोनी आणि पॅनासोनिक या कंपन्यांनी २००६ साली जाहीर केलेले अंकीय चित्रीकरणाचे स्वरूप आहे. यात दृश्य एच.२६४ पद्धतीने संकुचित केले जाते. मूळ आवृत्तीत बिटदराची कमाल मर्यादा सेकंदाला २४ मेगाबिट होती. २०११ च्या आवृत्तीत ती २८ मेगाबिट झाली आणि सेकंदाला ५० किंवा ६० पूर्ण चौकटी नोंदवण्याची सोय आली.

अशी चित्रफीत जुन्या दूरचित्रवाणी संचावर अडखळली, की दोष सहसा यूएसबी स्मृतीला दिला जातो. वास्तविक २८ मेगाबिट म्हणजे सेकंदाला अवघे साडेतीन मेगाबाइट. खरी अडचण बहुधा विसंकेतक चिपमध्ये असते. अनेक जुन्या उपकरणांची क्षमता एच.२६४ च्या ४.१ या पातळीपर्यंतच असते, तर १९२०×१०८० आकाराच्या ५० वा ६० पूर्ण चौकटींना ४.२ ही पातळी लागते.

उपकरणाला केवळ ‘एमटीएस’ हे वेष्टन ओळखता येत नसेल, तर एफएफएमपेगसारख्या मुक्त आज्ञावलीने तीच दृश्यधारा एमपी४ वेष्टनात हलवता येते. यात गुणवत्ता घटत नाही. पातळीच झेपत नसल्यास मात्र पुनर्संकेतन करावे लागते. त्यात गमावलेला तपशील परत मिळत नाही, म्हणून मूळ प्रत जपणे आवश्यक ठरते. ती जपताना कार्डावरील संपूर्ण फोल्डर उतरवावा, कारण दीर्घ चित्रीकरण अनेक फाइलींत विभागलेले असते आणि त्यांच्या जोडणीची माहिती वेगळ्या फाइलींत असते.